नीवेसची शेगडी कोण विझवतं?

शेगडी पुन्हा विझली तेव्हा नीवेसने आधी दाराची कडी बघितली आणि मग शेगडी. कडी जागच्या जागी होती. खिडक्याही बंद होत्या. शेगडीच्या काचेमागे काळंकुट्ट, आणि वरच्या छोट्या पडद्यावर तीच ती लाल अक्षरं लुकलुकत होती. त्यातली निम्मी केव्हाच मेलेली, त्यामुळे ती काय सांगताहेत ते देवालाच ठाऊक. नीवेसला वाचायची गरज नव्हती. "घातलाच कोणीतरी हात," ती म्हणाली आणि स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला.

व्हाल्देरात, डोंगरातल्या या आमच्या गावात, आम्हा सगळ्यांना तिच्या संशयाची सवय आहे. चीज घेताना ती काट्याकडे बघत नाही, काटा धरणाऱ्याच्या बोटांकडे बघते. पाद्रीबाबांनी प्रवचन लवकर आटपलं की, "आज यांच्याकडे जेवायला कोण येणारंय गं?" असं शेजारणीला विचारते. नवऱ्याच्या, व्हित्तोरीनोच्या, अंत्यविधीला तिने पेटीवरच्या फुलांचा वाकून वास घेतला. लोकांना वाटलं, बिचारी शेवटचा निरोप घेतेय. कसला निरोप! फुलं शिळी आहेत का ते बघत होती. आणि शिळीच निघाली, हेही सांगायला हवं, नाहीतर बाईवर अन्याय होईल.

ही शेगडी व्हित्तोरीनोनेच आणलेली. पाठ गेली, कुऱ्हाड धरवेना, तेव्हा घरातली जुनी लाकडाची चूल उपटून त्याने ही पेलेटची शेगडी बसवली. दोन्ही बाजूंना विटकरी रंगाच्या फरशा, समोर काच, मागे पेटी. पेटीत पिशवी ओतायची, दाबलेल्या भुशाच्या करंगळीच्या पेराएवढ्या कांड्या खडखडत आत पडायच्या, खालचा लोखंडी स्क्रू त्या थोड्याथोड्या पुढे ढकलायचा आणि जाळाच्या वाटीत टाकायचा. नीवेसचा त्या यंत्रावर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. "लाकूड जाळायला वीज लागते म्हणे! उद्या पाणी प्यायला पण बटण दाबा." पण व्हित्तोरीनो गेला, शेगडी राहिली, आणि हळूहळू त्या टकटक पडणाऱ्या कांड्यांचा आवाज नसला की तिला करमेनासं झालं. आता शेगडीचंही वय झालंय. नव्या शेगड्या मोबाइलवर चालतात म्हणे, हिचं एक बटण दाबायला काडी लागते.

या हिवाळ्यात मात्र प्रश्न नुसत्या थंडीचा नव्हता. मुलगा लोरिस खाली उदीने शहरात राहतो. दिवाळखोर नाही, दारुडा नाही, चांगला मुलगा आहे. आईची काळजी करतो, आणि त्यामुळेच डोक्याला ताप. शरद ऋतूत तो येऊन सरळ सांगून गेला होता, "आई, शेगडी नीट चालली तर इथे राहा. पण या डोंगरात तुझं घर थंड पडलं, तर मी गाडी घेऊन येणार आणि तुला घेऊन जाणार. मग रडारड चालायची नाही."

"मी कधी रडले?"

"रडत नाहीस, भांडतेस. ते जास्त वाईट."

आणि दुसरीही एक गोष्ट होती, ती तो तोंडावर बोलला नव्हता. पण भिंतीला कान लावून ऐकण्यात नीवेसचा हात कोण धरणार! सून कात्या दवाखान्यात कामाला आहे. ती लोरिसला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "तुझ्या आईचा हा संशय वाढतच चाललाय. म्हाताऱ्या माणसांचं डोकं जायला लागलं ना, की ती असंच करतात. वस्तू स्वतः हरवतात आणि चोर दुसऱ्याला ठरवतात." तेव्हापासून नीवेसला दोन धास्त्या होत्या. शेगडी बंद पडायची एक, आणि आपलं डोकं फिरलंय असं ठरवून हे लोक आपल्याला चौथ्या मजल्यावरच्या त्या खुराड्यात नेऊन बसवतील याची दुसरी. तिथे बाल्कनीतून समोरची बाल्कनी दिसते. माणसाने बघायचं काय?

नोव्हेंबरात काच काळी पडायला लागली, तेव्हा तिने तोल्मेत्सोहून ओलिंतोला बोलावलं. ओलिंतो शेगड्या दुरुस्त करतो, बोलतो कमी, शीळ जास्त वाजवतो. नीवेस त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली आणि त्याने काढलेला प्रत्येक स्क्रू स्वतःच्या ओच्यात घेतला.

"सिन्योरा, मी काही पळवून नेणार नाही."

"तसं कोण म्हणतंय? पण एखादा सैल ठेवलास की महिन्याभरात परत बोलावणं आलंच."

ओलिंतोने शेगडीच्या दाराभोवतीची दोरी बदलली. ती चपटी होऊन दारातून भलतीच हवा शिरत होती, म्हणून ज्योत पिवळी आणि आळशी. धुराड्याच्या तळाचं टोपण काढून त्याने तिथली राख पोत्यात भरली. जाळाच्या वाटीतली भोकं खरवडली. वाटीत त्याला राख नव्हे, काचेसारखे टणक खडे सापडले. ते त्याने हातावर घेऊन उजेडात धरले. "पेलेट कुठले वापरता?"

झालं! नीवेसच्या मनात पाल चुकचुकली. पेलेट ती वर्षानुवर्षं घाटाखालच्या वखारवाल्याकडून घेत होती. म्हणजे त्याने भेसळ केली. माती घातली असणार, नाहीतर जुन्या खुर्च्यांचा रंगवलेला भुसा. वखारवाल्याला तिने फोनवर असं काही झापलं, की त्याने निमूटपणे ऑस्ट्रियातल्या पेलेटच्या पिशव्या पाठवून दिल्या. त्या पेटवल्या, तरी खडे झालेच. म्हणजे ऑस्ट्रियावालेही त्यातलेच.

दुसऱ्यांदा ओलिंतो आला तेव्हा त्याने मागची छोटी रबरी नळी उपसून फुंकली, तिच्यात काजळी अडकली होती. पेटवणारी कांडी तपासली, पंखा पुसला. वाटीत पुन्हा खडे. या वेळी त्याने शीळ थांबवून विचारलं, "सिन्योरा, पेलेटशिवाय तुम्ही यात काही टाकत नाही ना?"

"काही नाही."

"कागद, संत्र्याची सालं, अक्रोडाची टरफलं?"

"मी काय वेडी आहे?"

आणि बाई खोटं बोलत नव्हती, हीच तर गंमत. शपथेवर सांगितलं असतं तिने. कारण दर शनिवारी ती पेटीत जे टाकायची ते तिच्या लेखी जळण नव्हतंच, ते औषध होतं. औषधाची गोळी घेतली म्हणून कोणी जेवलो म्हणतं का?

त्याचं असं झालं. धुराडं साफ करणारा माणूस दर सप्टेंबरात यायचा. या वर्षी तो छपरावरून उतरला तेव्हा त्याच्या बादलीत नीवेसला काजळी कमी दिसली. "एवढीच?" "एवढीच, काकू. पेलेटची काजळी थोडीच असते." नीवेसला ते पटेना. वर जाऊन याने सिगारेट ओढली आणि खाली आला, असं तिने ठरवून टाकलं आणि त्याला कायमचा नारळ दिला. मग धुराडं साफ कसं ठेवायचं? तर सासूबाई ठेवायच्या तसं. आमच्याकडच्या जुन्या बायका चुलीत वाळवलेली बटाट्याची सालं टाकायच्या आणि वर मूठभर मीठ; त्याने म्हणे काजळी सुटते आणि धुराड्याचा गळा मोकळा होतो. चुलीत सुटतही असेल, मी नाही म्हणत नाही. नीवेसकडे सालांना तोटा नव्हता, कारण ती दिवसाआड फ्रीको करते, आणि चीज-बटाट्याचा तो जाड खरपूस डोसा एकटीने खाऊन वर सालं राखून ठेवते. ती सालं वाळवायची, चुरायची, मीठ लावायचं आणि शनिवारी पेटीत पेलेटबरोबर ढवळून टाकायची. सालांची आणि मिठाची राख वितळून वाटीत खडे होत होते. मीठ ओल धरत होतं, पेटीच्या तळाचा भुसा त्याने चिकट होत होता. शेगडीचं नरडं नीवेस स्वतःच्या हाताने आवळत होती आणि खुन्याला गावभर शोधत होती.

वखारवाला झाला, ऑस्ट्रियावाले झाले, ओलिंतो झाला. उरलं कोण? जाऊ.

इल्वा म्हणजे व्हित्तोरीनोच्या धाकट्या भावाची बायको. तीही विधवा. एकाच घराचे दोन भाग, मध्ये एक भिंत. अलीकडे नीवेस, पलीकडे इल्वा. दोघींची भांडणं कशावरून सुरू झाली ते आता दोघींनाही सांगता येणार नाही. तांब्याच्या पातेल्यावरून, असं काही जण म्हणतात. इल्वाकडे अजून लाकडाची चूल आहे, आणि तिच्या धुराड्यातून सकाळी निळा सरळ धूर निघाला की नीवेसच्या अंगाचा तिळपापड होतो. नीवेसच्या घराची एक किल्ली इल्वाच्या दाराआड खिळ्याला टांगलेली असते. व्हित्तोरीनोच्या आजारपणात दिली होती, परत मागितली तर भ्याल्यासारखं दिसेल म्हणून तिने मागितली नाही.

"माझी शेगडी बंद पडली तर मी खाली जाणार," नीवेसने मनाशी जुळवणी केली. "मी गेले की अख्खं अंगण हिचं, विहिरीकडचा तुकडा हिचा, आणि बाकावर बसायलाही ही एकटी." सगळं कसं चपखल बसलं. एवढं चपखल बसलं की तिला थोडा आनंदच झाला.

आता पुरावा हवा. एके रात्री झोपायच्या आधी तिने शेगडीसमोर मक्याचं पीठ भुरभुरलं, पोलेंटाच्या घट्ट लापशीचं, बारीक पिवळं. सकाळी बघते तर पिठात पावलं! नीट उमटलेली, टाच आणि चवडा. नीवेस गुडघ्यांवर बसली. आमच्याकडे बायका घरात घालायचे कापडी जोडे, स्कार्पेत, स्वतःच शिवतात. तळव्याला चिंध्यांचे थर आणि त्यावर जाड दोऱ्याचे टाके, आणि प्रत्येकीचे टाके निराळे. पिठातले टाके तिरपे होते, टाचेशी दुहेरी. असे टाके गावात एकच बाई घालते, आणि ती नीवेस. रात्री पाणी प्यायला ती स्वतःच उठली होती, दुसरं काय! पण नीवेसने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काय बेरकी आहे बघा! माझेच स्कार्पेत घालून फिरली!"

तिने लोरिसला फोन केला. सगळं सांगितलं, टाक्यांसकट.

लोरिस अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, ती पावलं तुझीच आहेत."

"टाके माझे आहेत. पाय तिचे."

"आई..."

"आई आई काय करतोस! तुझ्या काकूचे पाय मी ओळखत नाही?"

लोरिस वाद घालत बसला नाही. आणि मुलाने वाद घातला नाही, याचीच नीवेसला पहिल्यांदा धडकी भरली. भांडणारा लोरिस तिला चालत होता. हा मऊ आवाजातला लोरिस जणू कात्याच्या दवाखान्यातून बोलत होता. तिने फोन ठेवला आणि पीठ झाडून टाकलं. मग सगळा राग इल्वावर वळला, कारण तिच्यामुळेच हे झालं.

शुक्रवारी पावाच्या दुकानात इल्वा रांगेत उभी होती. नीवेस आत शिरली आणि तिने कोणालाही 'शुभ सकाळ' म्हटलं नाही.

"माझ्या शेगडीत काय घालतेस ते इथे सगळ्यांसमोर सांग."

पाववालीने सुरी खाली ठेवली. इल्वा बुटकी, गोल, गुडघेदुखीने जराशी डुलत चालणारी बाई. तिने मागे वळून बघितलं. "मी? तुझ्या शेगडीत? अगं, माझी चूल पेटवता पेटवता माझ्या नाकी नऊ येतात, तुझी विझवायला कधी येऊ?"

"किल्ली कोणाकडे आहे?"

"तुझी किल्ली तूच टांगलीस माझ्या दारामागे."

"आणि तू ती खिळ्यावर नुसती शोभेला ठेवलीस, होय ना? माझ्या जागेवर डोळा आहे तुझा! मी खाली गेले की तुझी दिवाळी." दिवाळी हा शब्द अर्थात ती बोलली नाही, नाताळ म्हणाली. पण तोंड दिवाळीच्या फटाक्यांसारखंच चाललं होतं. पुढे तिने तांब्याचं पातेलंही काढलं, आणि इल्वाच्या मेलेल्या नवऱ्यालाही सोडलं नाही. इल्वाने ऐकून घेतलं. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. पाव न घेताच ती दुकानाबाहेर पडली. त्यानंतर कोणी नीवेसच्या बाजूने एक शब्द बोललं नाही. पाववालीने तिच्या हातात पाव ठेवला तोही जरा आपटूनच.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, स्क्रू अडकला. कांड्या पडायचा टकटक आवाज थांबला आणि त्या जागी मोटरचं एक दमलेलं गुरगुरणं सुरू झालं, मग तेही गप्प. रविवारी घरात तोंडातून वाफ निघायला लागली. नीवेसने कोणाला सांगितलं नसतं. पण लोरिसचा फोन आला आणि तिचे दात वाजत होते ते त्याला ऐकू गेले.

सोमवारी सकाळी तो आला. गाडीत मागे रिकामी खोकी होती, घड्या घातलेली. नीवेसने ती काचेतून बघितली. ओलिंतोलाही त्यानेच बोलावलं होतं. "आई, एकदा शेवटचं बघून घेऊ. याने सांगितलं चालणार नाही, तर नाही." तो शेवटचं म्हणाला, हे नीवेसच्या कानातून सुटलं नाही.

ओलिंतो आज शीळ वाजवत नव्हता. त्याने पेटी उपसली. वरच्या कांड्या कोरड्या, खालच्या फुगलेल्या, आणि तळाशी ओल्या भुशाची भाकरीसारखी थापी. ती त्याने खरवडून काढली, स्क्रू सोडवला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. स्क्रूच्या पात्यांत काळे तपकिरी पापुद्रे घट्ट बसले होते. त्याने एक नखाने सोलला, चोळला आणि नाकाशी धरला.

"बटाटा," तो म्हणाला.

"काय?"

"बटाट्याची सालं आहेत. आणि हे पांढरं..." त्याने जिभेच्या टोकाला बोट लावलं. "मीठ. म्हणून ते खडे होत होते. कोणीतरी पेटीत बटाट्याची सालं आणि मीठ टाकतंय. बाकी शेगडीला काही झालेलं नाही. म्हातारी आहे, पण चालेल."

नीवेस स्टुलावर बसली होती, ओच्यात स्क्रू घेऊन. शनिवार, चुरा, मूठभर मीठ, सगळं एका क्षणात तिच्यासमोर उभं राहिलं. वखारवाला. ऑस्ट्रिया. पावाचं दुकान. तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात लोरिसकडे तिची नजर गेली. तो तिच्याचकडे बघत होता. रागाने नाही. दवाखान्यात बाकावर बसलेले नातेवाईक बघतात ना, तसा. "आई," तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, "तुला काही आठवतंय का, हे कोणी टाकलं ते?"

हो म्हणावं, तर स्वतःची शेगडी स्वतः बुजवून गावावर आळ घेणारी बाई. नाही म्हणावं, तर स्वतः केलेलं विसरणारी. दोन्हीकडून खोकी तयार.

"मी टाकलं," दारातून आवाज आला.

दारात इल्वा उभी होती. हातात किल्ली होती; पावाच्या दुकानातल्या तमाशानंतर ती परत द्यायला आली होती, आणि कधीपासून उभी होती कोणास ठाऊक. तिची नजर वर्तमानपत्रावरच्या पापुद्र्यांवर होती. एकाच सासूच्या हाताखाली दोघी शिकल्या होत्या. तिला ओलिंतोने सांगायची गरज नव्हती.

"काय म्हणालीस, काकू?"

"मी टाकलं म्हणाले. सालं, मीठ. ती चर्चला गेली की यायचे. किल्ली होतीच." इल्वा हे सगळं एका दमात बोलली, पाठ केल्यासारखं. "तुझी आई बरोबर सांगत होती. तिचं डोकं जागेवर आहे. माझंच फिरलं."

लोरिस उठला. तो मोठ्याने बोलणाऱ्यांतला नाही, पण आता त्याचा आवाज चढला. "काकू, या थंडीत? ती मेली असती! लाज नाही वाटत? कशासाठी, त्या तुकड्यासाठी? मी इथे माझ्या आईला वेडी ठरवत होतो, आणि तू..." त्याने तिच्या हातातून किल्ली हिसकावली. "आजपासून या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. गावाला सांगतो मी. सगळ्या गावाला."

इल्वा खाली मान घालून उभी राहिली. एक शब्द उलट बोलली नाही, आणि जिने उभ्या आयुष्यात नीवेसचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता ती इल्वा.

नीवेस बघत होती. इतके दिवस जे सिद्ध करायला ती धडपडत होती ते आज आपसूक सिद्ध झालं होतं. इल्वा गुन्हेगार, साक्षीदार दोन, आणि वर आपण शहाण्या. खोकी गाडीत राहणार, शेगडी चालणार, घर राहणार. नुसतं गप्प बसायचं होतं. आणि खरं सांगायचं तर ती बसलीही, थोडा वेळ. लोरिस ओरडत होता तेवढा वेळ बसली. पण इल्वा वळून निघाली, दुखरा गुडघा धरून उंबरा उतरायला लागली, तेव्हा नीवेसला ते काही सोसवेना.

"खोटं बोलतेय ती," नीवेस म्हणाली.

"आई, आता तिची बाजू घेऊ नकोस."

"बाजू कसली घेतेय? खोटं बोलतेय म्हणून सांगतेय! ही बाई चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसून खोकत असते, माझ्या घरात कधी येणार? सालं माझी आहेत. मीठ माझं. दर शनिवारी टाकते. तुझी आजी टाकायची तसं, धुराडं साफ व्हायला."

"अगं गप्प बस ना!" इल्वा दारातूनच ओरडली. "मूर्ख कुठली!"

"तू गप्प बस. आयुष्यात एकदा खोटं बोललीस, तेही धड जमलं नाही." नीवेसने ओच्यातले स्क्रू टेबलावर ओतले. "ओलिंतोने मला विचारलं होतं, मी नाही म्हणाले. मला वाटलं ते विचारण्यासारखं नाही. वखारवाल्याने काही केलं नव्हतं. धुराडंवाल्यानेही नाही. आणि ती पिठातली पावलं..." सालांचं कबूल करणं एक वेळ सोपं होतं. "ती माझीच. टाकेही माझे आणि पायही माझे. जा, आण तुझी खोकी."

ओलिंतो स्क्रूचं पातं पुसत राहिला, पुसून झालेलं असतानाही. लोरिस खुर्चीवर बसला. किल्ली अजून त्याच्या मुठीत होती.

"हे तुझ्या कधी लक्षात आलं?"

"याने बटाटा म्हटलं तेव्हा."

"आणि गप्प का बसली होतीस?"

"तू खोकी आणलीस म्हणून. आणखी कशासाठी बसणार?"

लोरिसने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. हसतोय की रडतोय ते नीवेसला कळेना, आणि तिने नेहमीच्या सवयीने वाईट तेच धरलं. मग तो म्हणाला, "कात्याला सांगतो. डोकं गेलेलं माणूस आळ घेतं. घेतलेला आळ पुराव्यासकट मागे घेतं, असं मी तरी ऐकलं नाही." तो उठला आणि इल्वापाशी गेला. त्याने किल्ली परत तिच्या हातात ठेवली. "काकू, चुकलो." ओलिंतोला तो म्हणाला, "बसव तो स्क्रू. आणि आई, बटाटे सोलूच नकोस तू. सालासकट खा."

दुपारपर्यंत शेगडी पेटली. ज्योत पांढरट, उभी, दणदणीत. लोरिस फ्रीको खाऊन खोक्यांसकट खाली उतरला. जाताना त्याने धुराडंवाल्याला आईसमोरच फोन लावला, आणि नीवेसने तो बोलत असताना एकदाही तोंड घातलं नाही.

मग नीवेस गेली शेजारी. इल्वाच्या घरात तिने कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. चुलीवर पाणी उकळत होतं आणि इल्वा पाय वर घेऊन बसली होती. नीवेस बसली नाही.

"का बोललीस खोटं?"

"झालं ना आता. चहा घेणार?"

"आधी सांग. तुला त्यात काय मिळणार होतं?" तिने सकाळपासून सगळ्या बाजूंनी विचार केला होता. विहिरीकडचा तुकडा बसेना, पातेलं बसेना, काहीच बसेना, आणि यात नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. "भरदुकानात मी तुझी अब्रू काढली आणि तू माझ्यासाठी चोर व्हायला निघालीस? काहीतरी हवं असल्याशिवाय कोणी असं करतं?"

"हवंच होतं," इल्वा म्हणाली. "तू गेलीस तर या बोळात माझ्यावर लक्ष कोण ठेवणार? माझी दोन्ही पोरं बेल्जियमला. मी या फरशीवर पडले, तर कोणाला कळणार? तुला कळेल. सकाळी माझा पडदा उघडला नाही, तर तू दार ठोठावशील. मी आत काय लपवतेय ते बघायला का होईना, पण ठोठावशील."

नीवेस खिडकीपाशी गेली, पडदा हाताने थोडा सरकवून तिने बोळाकडे बघितलं आणि मग इल्वाकडे.

"आज उशिरा उघडलास," ती म्हणाली. "का?"

"गुडघा. रात्रभर झोपू दिलं नाही."

नीवेसने खुर्ची ओढली, इल्वाच्या समोर बसली आणि डोळे बारीक केले.

"दाखव," ती म्हणाली.